ठराव वाचणारे पुरसोबाब

पुरसोबाब सभेत कधी बसून वाचत नसत. मेजाच्या डोक्याशी नगराध्यक्ष, त्यांच्या उजव्या हाताला पुरसोबाबांची खुर्ची. सभा सुरू झाली की ती रिकामी. चष्मा नाकाच्या टोकावर, डावा हात मेजावर टेकवलेला, आणि समोर विषयपत्रिका. वाचायच्या आधी ते हात धुऊन यायचे. खिशात दोन रुमाल असत, एक तोंडाचा आणि एक रजिस्टराचा. तोंडाचा मळका असला तरी चालायचा.

मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा वीस वर्षांची होते. पालिकेचं नाव लिहीत नाही. उत्तर गोव्यातली, डिचोलीकडची, अध्यक्ष सोडून दहा नगरसेवकांची लहानशी पालिका, एवढं पुरे. त्या सभांत बसलेल्यांची मुलंबाळं अजून तिथेच राहतात. जुनी माणसं तेव्हाही पालिकेला कामर म्हणत. पोर्तुगीज जाऊन पंचवीस वर्षं होत आली होती, पण घरपट्टी भरायला आलेला म्हातारा कामरेतच यायचा.

पुरसोबाब, म्हणजे पुरुषोत्तम गावस, हे हेडक्लार्क. सभेची नोटीस काढणं, विषय लावणं, सभेत वाचणं आणि नंतर इतिवृत्त लिहिणं हे त्यांचं काम. हाताने लिहायचे ते, टाइप करायचे मी. पहिल्याच महिन्यात एका पानासाठी त्यांनी मला तीनदा बसवलं. गटाराच्या ठरावाखाली मी 'सर्वानुमते मंजूर' असं टाइप केलं होतं. पुरसोबाबांनी विचारलं, ठरावाच्या वेळी सदू नायक खंय आसलो? मला काय माहीत. ते म्हणाले, लघवीला गेला होता. म्हणजे 'उपस्थित सर्वानुमते'. दुसऱ्या वेळी मी तो शब्द मध्येच कोंबला म्हणून पान परत आलं. तिसऱ्या वेळी पान घेऊन त्यांनी आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं:

"घडलें तें लिही, बाय. घडूंक जाय होतें तें न्हय."

घडायला हवं होतं ते नाही, घडलं ते लिहायचं, हे वाक्य मी पुढे तीस वर्षं माझ्या हाताखालच्या मुलींना ऐकवलं. पण ते ऐकवताना एक गोष्ट मी सांगत नसे, ती इथे सांगते. पुरसोबाब स्वतः ते वाक्य पूर्ण पाळत नव्हते.

सभेच्या कामाची पद्धत अशी. विषय वाचला जातो. कुणीतरी ठराव मांडतो, तो सूचक. दुसरा कुणी त्याला पाठिंबा देतो, तो अनुमोदक. मग चर्चा, मग मत. पुढच्या सभेत हे सगळं इतिवृत्त वाचून कायम केलं जातं. आमच्याकडे चर्चा व्हायची, क्वचित मतही व्हायचं, पण सूचक आणि अनुमोदक व्हायला कुणी हात वर करत नसे. पुरसोबाब ती नावं नंतर पाळीने घालायचे. त्यासाठी एक चिठ्ठी होती, रजिस्टराच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेली. गेल्या वेळी कोण होता, या वेळी कोण. कुणाची तक्रार नव्हती. बहुतेक पालिकांत असंच चालत असावं असं मला तेव्हा वाटायचं, आणि पुढे तीन पालिकांत काम केल्यावर खात्री झाली.

गोवा घटक राज्य व्हायच्या आधीची ती दोन वर्षं. भाषेचा वाद पेटलेला होता. आमच्या दहांपैकी पाच जण कोकणीचे, पाच मराठीचे, आणि अध्यक्ष ज्या दिवशी जिकडे फायदा तिकडचे. खरं तर दहाही जण घरात एकच बोली बोलायचे, अर्धी मालवणी, अर्धी कोकणी. एकमेकांच्या घरी गणपतीत, चवथीला जेवायला जायचे. पण सभेत बसले की एक म्हणायचा, इतिवृत्त कोकणीतून लिही, दुसरा म्हणायचा, मराठीला हात लावशील तर बघ. त्यावरून शेजारशेजारच्या खुर्च्या लांब गेल्या. एका सभेत पहिला विषय निघायच्या आतच अंधार पडायला आला. दिव्याच्या खांबांचा विषय होता, तो तसाच राहिला. पुरसोबाबांचं यावर एकच मत होतं: भाषा कुठली ते तुम्ही ठरवा, कोण काय बोलला ते मी लिहिणार. ते मराठीत लिहायचे आणि जो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत अवतरणात घालायचे. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच नाराज असत.

मग एका सभेत त्यांनी वाचण्याचा सूर बदलला.

इथे त्यांच्या घराण्याबद्दल सांगायला हवं. गावस घराण्याकडे ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान होता. आमच्या भागातल्या माणसाला गाऱ्हाणं समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. जत्रा असो, लग्न ठरलेलं असो, म्हैस हरवलेली असो, नारळ ठेवून एक माणूस देवाला सगळं सांगत जातो. बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान तुझ्या पायाकडे येवन नारळ ठेवलो आसा, काय चुकला माकला आसात तर पदरात घे, वाकडा आसात ता सरळ कर. प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर खाली येतो, आणि जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, व्हय म्हाराजा. ते म्हणायला काय मागितलंय हे ऐकावं लागत नाही. सूर खाली आला की तोंड आपोआप उघडतं. लहानपणापासूनची सवय.

त्या सभेत दोघे नगरसेवक उभे राहून भांडत होते. पुरसोबाबांनी वरच्या पट्टीत, संथ, देवळातल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. विषय क्रमांक दोन, वरल्या वाड्यावरच्या पायऱ्यांची दुरुस्ती करावयाची आसा, तेका ह्या सभेची मान्यता... आणि सूर खाली आणला. मेजाच्या दोन्ही बाजूंनी एकदम आवाज आला, "व्हय म्हाराजा." उभे असलेले दोघेही म्हणाले. मग सगळे हसले, उभे होते ते बसले, आणि त्या संध्याकाळी अकरा विषय संपले.

त्यानंतर तोच रिवाज पडला. कोकणीवाल्यांना ते कोकणी वाटायचं, मराठीवाल्यांना मराठी. त्या दोन वर्षांत दोन्ही बाजूंना मान्य असलेलं ते एकच वाक्य होतं. अध्यक्ष खूश. मुख्याधिकारी पणजीहून महिन्यातून दोनदा यायचे. त्यांनीही म्हटलं की ही पालिका शिस्तीची. पुरसोबाब नावं घालताना आता एक बाजूचा सूचक आणि दुसऱ्या बाजूचा अनुमोदक अशी जोडी लावायचे. मला म्हणाले, कागदार तरी एकामेकांक धरून रावंदी. कागदावर तरी एकत्र राहोत, म्हणून मी हसले. मला ते चांगलंच वाटलं होतं, हे कबूल करते.

सभा दुपारी साडेतीनला सुरू व्हायची. सातव्या विषयाच्या सुमाराला चहा, पातळभाजी आणि पाव यायचे. पुरसोबाब पाव चार तुकडे करून चहात बुडवून खायचे, भाजी घेत नसत, रजिस्टराला डाग पडेल म्हणून. खाणं आल्यावर सभेचं लक्ष उडतं हे जगातल्या प्रत्येक अध्यक्षाला माहीत असतं. आमच्या अध्यक्षांनाही होतं. गैरसोयीचे विषय आठव्या क्रमांकाच्या पुढे लागायचे.

चवथ होऊन गेली आणि सप्टेंबरची सभा आली. त्या दिवशी नववा विषय होता बाजारामागच्या जागेचा. पालिकेच्या मालकीची, उताराची जागा. तिथे अकरा झोपड्या होत्या. बेळगावकडची माणसं, चिरे फोडायला आणि गटारं खोदायला आलेली. बाजाराची नवी शेड त्यांनीच बांधली होती आणि मग मागेच राहिली होती. विषय असा लिहिलेला होता: बाजार विस्तारासाठी उक्त जागेवरील अतिक्रमण एक महिन्याच्या मुदतीने दूर करणे. झोपडी हा शब्द त्यात नव्हता. विषय अध्यक्षांनी दिला होता, शब्द पुरसोबाबांचे होते. चांगले शब्द होते, नियमाला धरून.

त्यांनी वाचलं. सूर खाली आला. भाजीने भरलेल्या तोंडांनी सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. त्या वॉर्डाचा नगरसेवक सदू नायक, ज्याचं बसस्टँडवर चहाचं हॉटेल होतं आणि ज्याने निवडणुकीत त्या झोपड्यांना पाणी द्यायचं कबूल केलं होतं, तोही म्हणाला. मी कोपऱ्यात टिपणं घेत होते. माझ्याही कानाला काही खटकलं नाही.

दाराबाहेर यल्लव्वा बसली होती. त्या अकरांतल्या एका झोपडीत ती, तिचा नवरा, विधवा मुलगी आणि नात राहायची. बाजार झाडायचं काम तिच्याकडे रोजंदारीवर होतं आणि सभा संपली की ती सभागृहही झाडायची, म्हणून झाडू घेऊन ती दाराशी थांबायची. कन्नड बोलणारी बाई. आमची भाषा तिला कामापुरती यायची. आतून देवळासारखा आवाज आला तेव्हा तिने झाडू बाजूला ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. हे मी पाहिलं नाही. पुरसोबाबांनी पाहिलं. त्यांचं तोंड दाराकडे होतं.

दुसऱ्या दिवशी नोटीस निघाली. शिपाई ती लावून आला असता, पण ज्यांना वाचता येत नाही त्यांना हेडक्लार्कने जाऊन वाचून दाखवायची आणि अंगठे घ्यायचे, असा आमच्याकडे नेम होता. अंगठ्यांचं पॅड घेऊन मी बरोबर गेले. पुरसोबाबांनी चिऱ्याच्या ढिगाजवळ उभं राहून नोटीस वाचली. झोपड्यांतल्या माणसांना कळेना, म्हणून साध्या शब्दांत सांगितली. एक महिना, मग घरं मोडणार. बायका एकमेकींशी कन्नडमध्ये बोलू लागल्या. यल्लव्वा पुढे आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"साहेब, काल तुम्ही देवाचं म्हणत होता ना? मी पण हात जोडले."

पुरसोबाबांनी माझ्या हातून पॅड घेतलं आणि झाकण लावून खिशात टाकलं. अंगठे न घेताच आम्ही परत आलो. वाटेत ते एकदाच बोलले. म्हणाले, "माझो आवाज आयकून तिणें हात जोडले, बाय. आपलेंच घर मोडपाक."

मी म्हटलं, विषय अध्यक्षांचा होता, ठराव सभेचा. हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. मला तेव्हा ते खरंच वाटत होतं.

पुढचे तीन आठवडे ते नेहमीसारखे वागले. आले, गेले, सह्या केल्या. फक्त इतिवृत्ताची पानं माझ्याकडे आली तेव्हा नवव्या विषयापाशी दोन जागा कोऱ्या होत्या. सूचक आणि अनुमोदक. वरच्या ओळीत लिहिलेलं होतं: वाचन झाले. सदस्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटले. चर्चा झाली नाही. मला वाटलं नावं राहून गेली. पुठ्ठ्याच्या आतली चिठ्ठी बघायला गेले तर ती काढलेली होती, डिंकाचा पिवळा डाग तेवढा उरला होता. मी विचारलं, इथे कोणाचं नाव? म्हणाले, तें सभेंत विचारूया.

मी त्यांना सांगितलं की याने त्रास होईल. आधीच्या दोन वर्षांचे ठराव आहेत, त्यातल्या सगळ्या नावांचं काय? तेव्हा मी पंचवीसचीही नव्हते, पण एवढं गणित मला येत होतं. ते म्हणाले, येतलो तो येवंदी.

ऑक्टोबरची सभा मुदत संपायच्या चार दिवस आधी होती. पहिला विषय मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. पुरसोबाब उभे राहिले आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली, तर मलाच क्षणभर वाटलं की दुसरं कुणी वाचतंय. सपाट आवाज. पोस्टात तार वाचून दाखवतात तसा. प्रत्येक वाक्यानंतर थांबत होते. दोनतीनदा सवयीने कुणीतरी 'व्हय' म्हणालं आणि एकटंच पडलं. नवव्या विषयाला आल्यावर त्यांनी तो दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी अतिक्रमणाच्या पुढे कंसात 'अकरा घरे' असं वाचलं. मग मान वर केली.

"सूचक कोण?"

अध्यक्षांनी समोरचे कागद सरळ केले. "गावस, हें कितें नवें? नांवां तूंच घालतोस मरे."

"घालतालों. ती माझी चूक. आज विचारतां."

"ठराव पास जालो. सगळ्यांनी व्हय म्हटलां."

"व्हय म्हटलां तें देवाक," पुरसोबाब म्हणाले. "विषयाक कोणें म्हटलां, तें सांगा."

सभागृहात बाहेरच्या बसचा हॉर्न ऐकू येत होता. सदू नायकाने विचारलं, बाजारामागची म्हणजे आपल्या वॉर्डातली ती खोपटीं? पुरसोबाब म्हणाले, तींच. सदू म्हणाला, आणि त्याला मी व्हय म्हटलं? हो. तुम्ही म्हटलंत. सदू खाली बघायला लागला. त्याच्या हॉटेलात त्या अकरा घरांतली माणसं रोज सकाळी चहा प्यायची.

अध्यक्षांना खुर्चीवरून ठराव मांडता येत नव्हता. त्यांनी मेजाच्या डाव्या बाजूला पाहिलं. तिथे बसलेला त्यांचा मावसभाऊ म्हणाला, घाल माझं नाव, सूचक मी. पुरसोबाबांनी लिहिलं. मग म्हणाले, अनुमोदक? कुणी बोललं नाही. तेव्हा त्यांनी एकेकाचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, हजेरीपटात असतं तसं. प्रत्येक नावानंतर थांबले, आणि तो माणूस बोलेपर्यंत किंवा मान हलवेपर्यंत पुढे गेले नाहीत. वाद घालताना जे टेबल बडवायचे तेही मान हलवताना छताकडे बघत होते. सदू नायक तेवढा मोठ्याने 'नाय' म्हणाला. आपल्याच आवाजाने तो दचकला असावा असं मला वाटलं.

नऊ नावं झाली. पुरसोबाबांनी लिहिलं आणि लिहिलं ते वाचून दाखवलं: अनुमोदक नाही, विषय पडला. मग रजिस्टर मिटून ते सभागृहाबाहेर गेले. दारात यल्लव्वा होती. तिला काहीही कळलं नव्हतं. ती झाडायला आत आली.

त्याचं जे व्हायचं ते झालं. मावसभावाने पणजीला अर्ज केला की या पालिकेच्या ठरावांवर हेडक्लार्क आपल्या मर्जीने नावं घालतो. अर्ज खरा होता. मुख्याधिकाऱ्यांनी खुलासा मागितला. मी पुरसोबाबांना म्हटलं, चार ओळी लिहा, काही प्रसंगी अनवधानाने, असं लिहा, सगळे असंच लिहितात. त्यांनी दोन पानं लिहिली. किती महिने, किती ठराव, कुणाच्या पुढे कुणाला बसवलं, आणि का. शेवटची ओळ होती की वाचनाची पद्धतही मीच बदलली, त्यामुळे सदस्यांचं ऐकणं बंद झालं, याची जबाबदारी सदस्यांची नसून माझी. ती ओळ काढा म्हणून मी भांडले. टाइप करायला नकार दिला. ते शांतपणे म्हणाले, तर हाताने लिहून देतों. मग मी टाइप केली.

सभेचं काम त्यांच्याकडून काढलं आणि त्यांना खाली जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसवलं. ऑफिसातले लोक त्यांच्याशी बोलायचे, पण जेवायच्या वेळी त्यांच्या मेजाकडे कुणी डबा नेत नसे. जुन्या ठरावांच्या फायली उघडाव्या लागल्या होत्या, आणि ते काम सगळ्यांच्या डोक्यावर आलं होतं. मला त्याचा राग आला होता. खोटं कशाला सांगू, मीही दोन महिने त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

त्या वर्षी जत्रेला गाऱ्हाणं त्यांच्या चुलतभावाने घातलं. पुरसोबाब इतरांसारखे खाली, हात जोडून उभे होते. गावात चर्चा झाली की मान का सोडला. मी एकदा सरळ विचारलं. ते म्हणाले, देवाकडे उभो रावलों की माका ती दारातली दिसता.

खिडकीवर त्यांनी एक नवी सवय लावून घेतली. नोंद लिहिली की खिडकीतून बाहेर तोंड काढून ती वाचून दाखवायची, आणि समोरच्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय सही करायची नाही. बाळाचं नाव काय, बापाचं नाव काय, जन्म कुठे, सांग पाहू. रांग वाढायची. लोक कुरकुरायचे. एक मास्तर म्हणाले, पुरसोबाब, शाळेत मुलांची परीक्षा मी घेतो, इथे तुम्ही माझी घेता काय. पुरसोबाब म्हणाले, पास जालात, सही करा. त्या खिडकीवरच्या नोंदींत नंतर दुरुस्तीचे अर्ज जवळपास आलेच नाहीत. हे मला माहीत आहे, कारण ते अर्ज पुढे माझ्याकडे यायचे.

मग घटक राज्य झालं. कोकणी राजभाषा झाली होती, मराठीला कायद्यात जागा मिळाली होती, आणि सभेत भांडायला रस्ते आणि दुकानांचे गाळे पुन्हा पुरेसे वाटू लागले. निवडणूक झाली, नवी पालिका आली. सदू नायक परत निवडून आला. अध्यक्ष नवे होते, पण बाजार तोच होता आणि जागाही तीच. विषय पुन्हा आला. या वेळी सूचकाने उभं राहून मांडला, अनुमोदकाने उभं राहून पाठिंबा दिला, आणि चर्चा झाली.

त्या दिवशी एक वेगळी गोष्ट घडली. सभागृहाच्या मागे लोकांसाठी एक बाकडं असतं. सभा लोकांना खुली असते, तसा नियम आहे, पण माझ्या नोकरीत त्या बाकड्यावर मी छत्र्या सोडून काही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी साडेतीनच्या आधीच त्यावर यल्लव्वा, तिची मुलगी आणि आणखी चार बायका बसल्या होत्या. मांडीवर हात, डोक्यावर पदर. त्यांना कुणी पाठवलं ते विचारायची गरज नव्हती. त्या झोपड्यांतून खिडकीवर बाळाची नोंद करायला आलेल्या एका बाईला पुरसोबाबांनी सांगितलं होतं: जाऊन बसा. बोलूंक दिवचे नात, तशी परवानगी ना. पण तुमकां बघतकच ते आयकतले.

दोन तास चर्चा झाली. ठराव सहा विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला. घरं जाणार. पण बाकड्याकडे बघून बोलताना शब्द जरा जपून येत होते, आणि सदूने हट्टाने तीन कलमं घालायला लावली. एक, वरच्या सड्यावर प्रत्येक घराला मोजून जागा. दोन, पालिकेचा ट्रक. तीन, सड्यावरच्या नळाला पाणी सुरू झाल्यावरच घरं हलवायची.

मी खाली जाऊन पुरसोबाबांना सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना लागेल. इतकं सोसून शेवटी झालं तेच. ते नोंद लिहीत होते, ती पुरी केली, खिडकीतून वाचून दाखवली, सही घेतली, आणि मग मला विचारलं, कलमां कितलीं? मी तीनही सांगितली. त्यांनी अर्जाचा कागद ओढला आणि ठरावाची नक्कल मिळावी म्हणून रीतसर अर्ज लिहून माझ्याच हातात दिला.

सड्यावर पाइप टाकायला तीन महिने गेले. हलवायच्या दिवशी मला मुकादमाला एक हुकूम द्यायला वर पाठवलं होतं. दुपारची वेळ. सडा म्हणजे उघडा कातळ, एक झाड नाही. चुन्याने आखलेल्या अकरा जागा, आणि एका टोकाला सिमेंटच्या ठोकळ्यावर नवाकोरा नळ. नळाजवळ पुरसोबाब होते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. हातात नक्कल, घडी घालून घालून मऊ झालेली.

कनिष्ठ अभियंता घाम पुसत होता. तो म्हणत होता की पाइप जोडला आहे, टाकी भरते आहे, पाणी आज ना उद्या येईल, ट्रक खाली दोन तास उभा आहे, डिझेल जळतंय. पुरसोबाबांनी तिसरं कलम वाचून दाखवलं. सपाट आवाजात, दोनदा. मग म्हणाले, "सुरू झाल्यावर म्हटलां. जोडल्यावर न्हय."

अभियंता म्हणाला, तुम्ही जन्ममृत्यूचे, तुमचा ह्यात काय संबंध? ते म्हणाले, नागरिक आसां. अभियंत्याने माझ्याकडे पाहिलं. मी हुकूम मुकादमाला दिला आणि सांगितलं की कलम बरोबर आहे. एवढंच मी त्या सगळ्या प्रकरणात कुणाच्या बाजूने बोलले. अभियंता खाली गेला, ट्रकला थांबायला सांगायला.

पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. घरं त्यानंतर हलली. हे मला कळलं ते पत्रातून, कारण त्याच आठवड्यात माझी वाळपईला बदली झाली. पुरसोबाब पुढच्या वर्षी निवृत्त झाले आणि त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. मला खबर उशिरा मिळाली. तेव्हा त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी.

चारची बस गाठायची म्हणून मी निघाले होते. यल्लव्वा रिकामी कळशी घेऊन चढण चढून वर आली होती. तिने कळशी नळाखाली ठेवली, नळ फिरवला. आतून नुसती हवा आली. पुरसोबाब एका चिऱ्यावर बसले होते, छत्री उघडून.

"साहेब, येईल पाणी?" तिने विचारलं.

येईल म्हणायला काय जात होतं. मी असते तर म्हटलं असतं. पुरसोबाबांनी नळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"माका खबर नाय," ते म्हणाले. "बसूया."

आणि चिऱ्यावर थोडे सरकून त्यांनी तिला छत्रीच्या सावलीत जागा केली.